घाटाखालची खानावळ

चिपळूण मुक्काम, आषाढ. परशुरामाचा घाट उतरल्यावर वाटेतल्या एका खानावळीत आज जेवलो. १९९६ साली मॅकडोनाल्ड्स हिंदुस्थानात आले आणि पुढे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर फूडमॉल उभे राहिले, तेव्हापासून प्रवाशाला सर्वत्र एकाच चवीची खात्री लाभली. लहान मुले बरोबर असताना तेथील स्वच्छता किती मोलाची, हे मी मनःपूर्वक मान्य करतो. तथापि जेथे प्रत्येक जिन्नस दूरच्या कचेरीच्या हुकुमाबरहुकूम शिजतो, तेथे ऋतू कोणता नि मुलूख कोणता, याचा मागमूस ताटात उरत नाही. येथे मालकीणबाईंनी आधीच सांगितले, "ताजी मासळी नाही हो, जुलैअखेरपर्यंत बंदी ना! सुक्या बोंबलांचं कालवण चालेल?" मग उकड काढलेले तांदळाचे पीठ मळून, भाकरी थापून, तव्यावर तिला पाण्याचा हात फिरवून, ती निखाऱ्यावर टम्म फुगेपर्यंत त्या माउलीने जराही घाई केली नाही. सोबत नारळाच्या दुधातली फिकट गुलाबी सोलकढी होती. महामार्ग चौपदरी करताना अशा खानावळींकडे वळण्यास वाट ठेवण्याची तजवीज बांधकाम खात्याने अवश्य करावी.