जेम्स वेल्सची मुंबईची आम्लरेखने

जेम्स वेल्स (1747–1795) हा स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील पीटरहेडचा चित्रकार. तो 1791 साली मुंबईत आला. त्या आणि पुढच्या वर्षी त्याने मुंबई बेट व परिसराची दृश्ये रेखाटली. त्यांवरचा बारा आम्लरेखनांचा संच त्याच्या मृत्यूनंतर, 1800 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. शीव किल्ल्यावरून दिसणारा प्रदेश आणि महालक्ष्मी-वरळीमधल्या खाडीवरचा बांध ही त्यांतली दोन दृश्ये.

आम्लरेखनासाठी तांब्याचा गुळगुळीत पत्रा तापवून त्यावर मेण, राळ व डांबर यांचा पातळ थर देतात. सुईने रेघ ओढली की तेवढा थर निघतो आणि तांबे उघडे पडते. मग पत्रा आम्लात सोडतात. उघडे तांबे झिजून चर पडतात. दूरचे डोंगर फिकट हवे असतील, तर तेवढ्या रेघांवर लाख चढवून पत्रा पुन्हा आम्लात बुडवतात. जवळच्या झाडांचे चर आणखी खोल होतात. शेवटी थर काढून चरांत शाई भरतात, वरची शाई पुसून घेतात आणि ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढतात. कागदावर चित्र उलटे उमटते, म्हणून पत्र्यावर डावी बाजू उजवीकडे काढावी लागते. पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर कायम राहतो. बोटाला लागणारी ही खोलगट चौकट अस्सल ठशाची एक खूण होय. वेल्सच्या संचातील ठसे नंतर हाताने जलरंगात रंगवले गेले.

हे ठसे पाहताना रेखाटनाचे आणि प्रकाशनाचे साल वेगळे धरावे लागते. कागदावर 1800 असले, तरी दृश्य 1791–92 चे आहे. त्या वेळी मुंबईच्या उत्तरेचे साष्टी बेट 1774 पासून इंग्रजांकडे होते, पण मुंबईतले शीव आणि साष्टीवरचे कुर्ला यांना जोडणारा बांध अजून व्हायचा होता. ठाणे, माजिवडा ही साष्टीवरची गावे. मुंबईहून तिकडे जायचे तर पाणी ओलांडावे लागे. आज त्याच वाटेने गाड्या धावतात आणि दोन बेटांमधली सीमा प्रवाशाच्या लक्षातही येत नाही. ती सीमा या दृश्यांच्या काळात खरीखुरी होती.

1792 मध्ये वेल्स पुण्यास गेला. ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे चित्र रंगवले. ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. मॅलेटच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झालेल्या चित्रशाळेत गंगाराम तांबट तयार झाला. कार्ले, वेरूळ येथील लेण्यांची त्याची रेखाटने आजही अभ्यासली जातात. वेल्सच्या वेरूळच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने 1803 साली 24 चित्रांचा संच काढला.

नोव्हेंबर 1795 मध्ये वेल्सचा मृत्यू झाला; चरित्रकोशात मृत्यूचे ठिकाण म्हणून ठाण्याचे नाव येते.