बापाचीच सवय, बापाचीच गोळी

माझा भाचा धारवाडच्या मालमड्डीत वाढतोय. हुशार आहे, पण गणित तोंडी सोडवतो आणि वहीत उत्तर लिहायचं विसरतो. डबा शाळेत राहतो, स्वेटर रिक्षात. नातेवाइकांनी निदान केव्हाच करून टाकलं होतं: मोबाइल आणि आईचे लाड. आईवर खापर फोडायला आपल्याकडे डॉक्टरकीची पदवी लागत नाही.

शेवटी ताई-भावोजी त्याला ‘डिमहान्स’मध्ये घेऊन गेले. 1845 साली सुरू झालेलं धारवाडचं मनोरुग्णालय ते हेच. तिथे डॉक्टरांनी मुलाइतकेच प्रश्न भावोजींना विचारले. शाळेत कसे होतात? हातातलं काम अर्धवट टाकून दुसरं धरता का? भावोजी हसून वेळ मारून नेत होते. सोबत आलेल्या आजींना, म्हणजे भावोजींच्या आईला, राहवलं नाही. ‘‘अहो डॉक्टर, हा तरी कुठं बसत होता एका जागी? रोज कुणीतरी मास्तर तक्रार घेऊन दारात!’’

डॉक्टरांना त्यात नवल वाटलं नाही. निदान होतं एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं. जुळ्यांवरच्या अभ्यासांनुसार या विकाराच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे 74 टक्के आनुवंशिक असतो, जवळजवळ उंचीइतका. म्हणून काही त्याचं एकच जनुक सापडलेलं नाही. 2019 मध्ये संशोधकांना जनुकसंचात संबंधित अशा 12 जागा मिळाल्या, 2023 मध्ये त्या 27 झाल्या, आणि प्रत्येकीचा वाटा अगदी चिमूटभर. त्यामुळे रक्त तपासून निदान होत नाही. ते होतं अशा प्रश्नोत्तरांतूनच.

पहिली गोळी मिथाइलफेनिडेट. 1944 साली स्वित्झर्लंडमध्ये लिआंड्रो पानिझॉन यांनी ते तयार केलं आणि बायको रीटा हिच्या नावावरून त्याला ‘रिटालिन’ म्हटलं. मेंदूत डोपामिन लगेच परत शोषलं जातं, ते हे औषध रोखतं. परिणाम तासाभरात दिसतो. भाच्याचा गृहपाठ एका बैठकीत होऊ लागला, पण जेवण तुटलं आणि संध्याकाळी चिडचिड वाढली. शिवाय हे औषध कडक कायद्याखाली येतं, प्रत्येक दुकानात मिळत नाही. ताईने त्यासाठी ‘चिगरी’ बसने हुबळीला खेपा घातल्या.

मग डॉक्टरांनी ॲटोमॉक्सेटिन दिलं. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. आनुवंशिकतेचा खरा उपयोग होतो तो इथे. हे औषध मोडतं ते यकृतातलं सीवायपी2डी6 नावाचं विकर. बहुतेकांच्या रक्तातलं औषधाचं प्रमाण पाचेक तासांत निम्मं होतं; ज्यांचं हे विकर जन्मतः निकामी असतं, त्यांना वीसहून अधिक तास लागतात. एकाला पुरेल ती मात्रा दुसऱ्याला फार होते, ती यामुळे. म्हणून सुरुवात कमी मात्रेने, आणि वाढ हळूहळू. भाच्याला ते सोसलं.

पुढे भावोजींचंही निदान झालं आणि त्यांनाही हेच औषध ठरलं. डॉक्टरांनी आधी विचारलं, सध्या काय घेता? चिंतेसाठी ते पॅरोक्सेटिन घेत होते, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पॅरोक्सेटिन तेच विकर अडवतं. म्हणजे जन्मतः चांगलं असलेलं विकरही बंद पडल्यासारखं होतं. त्यांची मात्रा त्या हिशेबाने बेतावी लागली.

तेव्हा अशा तपासणीला जाल, तर चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. आणि जमलं तर आजीलाही.