उडपीची पंगत

उडपी हे मूळचे एका गावाचे नाव आहे, हे महाराष्ट्रात मुद्दाम सांगावे लागते. आपल्याकडे उडपी म्हणजे इडली-डोसा मिळण्याचे ठिकाण. 'उडप्याकडे जाऊन येऊ' असे म्हणणाऱ्यास त्या शब्दामागे एक तीर्थक्षेत्र उभे आहे याची वार्ताही नसते. संस्कृतात उडु म्हणजे नक्षत्र आणि उडुप म्हणजे नक्षत्रांचा स्वामी चंद्र. चंद्राने येथे तप केले अशी स्थलकथा असून चंद्रमौळीश्वराचे देऊळ कृष्णमठाजवळच आहे. उडुप शब्दाचा तराफा असाही अर्थ होतो. कालिदासाने रघुवंशाच्या आरंभी तो त्याच अर्थी योजिला आहे. श्रीमध्वाचार्यांची कृष्णमूर्ती गलबतातून आलेल्या गोपीचंदनात सापडली, ही आख्यायिका ऐकली म्हणजे हा दुसरा अर्थही आम्हांस टाकवत नाही. व्युत्पत्तिशास्त्री काय म्हणावयाचे ते म्हणोत!

कोकण रेल्वे झाल्यापासून हा प्रवास सुखाचा झाला आहे. येथील कृष्णाचे मुख पश्चिमेस असून दर्शन घ्यावयाचे ते नऊ छिद्रांच्या खिडकीतून. आठ मठ पाळीपाळीने पूजा करितात. तिला पर्याय म्हणतात. पूर्वी ही पाळी दोन महिन्यांची असे, ती वादिराजस्वामींनी सोळाव्या शतकात दोन वर्षांची केली. ज्या मठाकडे पर्याय त्याच्याकडे पूजेबरोबर अन्नदानाचाही भार. हजारोंची पाने एका वेळी वाढावयाची विद्या या गावी पिढ्यान्‌पिढ्या मुरली ती अशी. आणि तीच विद्या घेऊन येथील मुले पोटामागे मुंबई-मद्रासेस गेली. माटुंग्यास रामा नायक यांनी 1942 साली काढलेली खाणावळ पुष्कळ वाचकांच्या परिचयाची असेल.

उडपीस आम्ही उतरलो ते पत्रव्यवहाराने स्नेही झालेल्या एका वृद्ध शास्त्र्यांकडे. त्यांना मराठी येत नाही, आम्हांस कन्नड येत नाही, त्यामुळे सारा व्यवहार संस्कृतात चाले. त्यांच्या नातवाची मुंज होती. स्वयंपाकास येणारे आचारी त्या जिल्ह्यात एवढे प्रख्यात, की दूरचित्रवाणीवर त्यांच्या पाककृती दाखवितात, आणि लोक मुहूर्त काढावयास जोशांकडे जाण्यापूर्वी त्यांच्याकडे जातात, असे शास्त्रीबुवांनी हसत सांगितले.

पंगत बसली. आमच्या शेजारी आमचे मेहुणे तात्यासाहेब, पलीकडे आमची मंडळी. मट्टू गावच्या हिरव्या गोल वांग्यांची भाजी उत्तम होती. या वांग्यांचे बी वादिराजांनी दिले असे सांगतात, आणि 2011 पासून त्यांना भौगोलिक मानांकनही आहे. परंतु तात्यासाहेबांची जीभ चवीपेक्षा अभिप्रायासच अधिक वळते. मराठी येथे कोणास कळणार, या भरवशावर त्यांनी साराचा समाचार घेतला : "यात गूळ पडला आहे की गुळात सार?" (त्यांच्या स्वतःच्या घरी आमटीस गूळ कमी झाला तर पान सरकविण्यात येते.) इतक्यात पंचा नेसलेल्या एका स्थूल गृहस्थाने हरभऱ्याची डाळ, गूळ, ओले खोबरे व तूप यांचा एक पदार्थ पानावर वाढला. तात्यासाहेब मोठ्याने म्हणाले, "म्हणे प्रख्यात आचारी! पुरण शिजविले आणि पोळी करावयाची विसरला!"

वाढणारा थांबला. "विसरलो नाही, साहेब," तो स्वच्छ मराठीत म्हणाला. "हे हयग्रीव. वादिराजस्वामी परात डोक्यावर धरीत आणि देव घोड्याच्या रूपाने येऊन खाई. आता घोड्याला पोळ्या कोण लाटून घालणार?"

तात्यासाहेबांचा घास हातातच राहिला. यजमानांस काही कळले नाही, म्हणून त्यांनी आम्हांकडे पाहून संस्कृतात विचारले, "काय झाले?" आम्ही इतक्या वर्षांत पुष्कळ भाषांतरे केली व करविली, पण हे भाषांतर आम्हांस जमेना. आमच्या मंडळींनीच सावरून घेतले. "दादाचे मनावर घेऊ नका. डाळ एवढी शिजूनही दाणा मोडला नाही, तो कसा, ते सांगा."

आचारी खाली बसले. डाळ वाटावयाची नाही, बोटाने दबेल इतकीच शिजवून मग गूळ घालावयाचा, हे त्यांनी हाताने दाखविले. मग म्हणाले, "बाराव्या वर्षी माटुंग्यास बशा धुवावयास गेलो. मराठी मी गिऱ्हाइकांच्या तक्रारींतून शिकलो, बाई. सांबार गोड, चटणी पातळ, चहा थंड! नऊ वर्षे सगळे मला 'ए पोऱ्या' म्हणत. नाव कोणी विचारले नाही."

हे ते हसतच बोलले, परंतु पंगतीत आमचा भाग एकाएकी शांत झाला. तात्यासाहेबांनी पानावरून मान वर केली आणि विचारले, "आपले नाव काय?"

आचाऱ्यांनी नाव सांगितले, गावाचे नाव सांगितले, वडिलांचेही सांगितले, आणि तात्यासाहेबांच्या पानावर हयग्रीवाचा दुसरा ढीग घातला. मधुमेहाचे कारण तात्यासाहेबांना पुढे करता आले असते. त्यांनी ते केले नाही, ढीग संपविला.

परतीच्या गाडीत चहा आला. तो थंड होता. तात्यासाहेबांनी चहावाल्याच्या तोंडाकडे एकवार निरखून पाहिले, आणि कप मुकाट्याने रिकामा केला.