मनाजोगती माणसे

पत्त्यांच्या डावात हाती सगळी दुर्री-तिर्री आली की एखादे पोर पाने खाली टाकते आणि ओरडते, "पुन्हा पिसा!" बाकीची मुले लगेच "रडीचा डाव!" म्हणून गिल्ला करतात. मग ते पोर मुकाट्याने पाने उचलते आणि आहे त्यावर खेळू लागते. उन्हाळ्याच्या सुटीत, माजघरातल्या सतरंजीवर हा एक धडा पिढ्यान्‌पिढ्या फुकटात मिळत आला आहे.

संगणकावरच्या खेळात मात्र चिडवायला कोणी नसते. तिथे पुन्हा पिसण्यासाठी चक्क एक बटण असते आणि ते कितीही वेळा दाबता येते. गंमत अशी की, एवढी सोय असूनही खेळणाऱ्याचे समाधान काही होत नाही. उलट चिडचिड वाढत जाते.

हे बटण ज्या खेळांत सापडते, त्यांना वसाहतीचे खेळ म्हणता येईल. ओसाड जागी मूठभर माणसे येऊन पडतात. त्यांच्याकडून शेती करवून घ्यायची, घरे बांधायची, आजाऱ्यांची शुश्रूषा करायची, हल्लेखोरांना परतवायचे आणि गाव वसवायचे. 'रिमवर्ल्ड' हा त्यातला एक फार लोकप्रिय खेळ. टायनन सिल्व्हेस्टर या कॅनडातल्या रचनाकाराने तो निर्माण केला आणि 2018 च्या ऑक्टोबरात त्याची पहिली पूर्ण आवृत्ती बाहेर आली. परक्या ग्रहावर अंतराळयान कोसळते आणि त्यातून तीन माणसे वाचतात, अशी त्याची नेहमीची सुरुवात. ही तीन माणसे कोण, हे आधी ठरवावे लागते. खरी डोकेदुखी इथेच सुरू होते.

पडद्यावर आठ माणसे दिसतात. त्यांतून तीन घ्यायची. प्रत्येकाचे नाव, वय, बालपण आणि मोठेपणीचा व्यवसाय लिहिलेला असतो. नेमबाजीपासून स्वयंपाकापर्यंत बारा कौशल्ये असतात आणि प्रत्येकाला शून्य ते वीस असे गुण. ज्या कामाची मनापासून आवड, त्यापुढे छोटीशी ज्योत. फारच आवड असेल तर दोन ज्योती. आवड नसलेले काम माणूस शिकतो, पण साधारण एक तृतीयांश वेगाने. याशिवाय स्वभाव आणि दुखणी असतात. कधी कधी दोघांत नातेही निघते. एखादी दुसऱ्याची बहीण असते, नाही तर घटस्फोटित बायको!

हे सगळे संगणक नशिबाच्या भरवशावर जुळवतो आणि तो काही कोणाची भीड ठेवत नाही. उत्तम डॉक्टर मिळते, पण तिला आगी लावण्याचा नाद असतो. पटाईत बंदूकबाज मिळतो, पण ओझी उचलणे आणि झाडलोट करणे ही कामे त्याच्याकडून होतच नाहीत. कष्टाळू गवंडी मिळतो, तर त्याची जीभ अशी तिखट की चार दिवसांत सगळ्यांशी वाकडे. नको असेल तर बटण दाबायचे. माणूस नाहीसा होतो आणि त्या जागी दुसरा येतो.

किती वेळा दाबायचे? थोडा हिशेब करून पाहावा. समजा, दर दहांत एकाला चांगली वैद्यकी येते, दर दहांत एक जण कष्टाळू असतो आणि दर दहांत एकाला बंदूक नीट चालवता येते. या तिन्ही गोष्टी एकाच माणसात हव्या असतील तर असा माणूस हजारांत एक. म्हणजे सरासरी हजार वेळा बटण दाबायचे. एका माणसाची माहिती वाचायला तीन सेकंद धरले तरी पन्नास मिनिटे गेली. तिघांसाठी अडीच तास. तेवढ्या वेळात खरोखरचे जेवण होऊन, भांडी घासून, वर दुपारची झोपही होते. इकडे डाव अजून सुरूच झालेला नसतो.

अजून सुरूच नाही?

बंगळुरूला नोकरी करणारा एक तरुण दिवाळीच्या सुटीत इंदूरच्या घरी आला होता. फराळ झाला, ओवाळणी झाली आणि तो संगणक मांडीवर घेऊन बसला. तासाभराने आजी त्याच्या शेजारी येऊन टेकली. नातू एकच बटण सारखे दाबतो आहे, हे तिने थोडा वेळ पाहिले.

"अरे, अजून डाव सुरूच नाही झाला?" तिने विचारले.

नातवाने समजावून सांगितले. माणसे चांगली मिळाली नाहीत तर पुढे सगळे बिघडते. जखम चिघळली आणि गावात कोणाला औषधपाणी येत नसले तर माणूस दगावतो. पेरणी कोणाला जमत नसली तर हिवाळ्यात उपासमार. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. दिवसभर काम करून रात्री दोन तास खेळायला मिळावेत आणि ते आळशी माणसांच्या पायी वाया जावेत, याचा वैताग कोणालाही येईल.

आजीने चष्मा लावला. पडद्यावर ती डॉक्टरीण होती.

"हिला काय झालं?"

"आजी, ही आगी लावते."

"पण औषधपाणी येतं ना? मग ठेव की. घर दगडाचं बांध म्हणजे झालं."

नातू चमकला. रिमवर्ल्डमध्ये लाकडी भिंत पेटते आणि दगडी भिंत पेटत नाही, हे त्याला पाठ होते. पण बाईला ठेवून भिंत बदलावी, हे त्याच्या डोक्यात आले नव्हते.

एवढ्यात पुढची कोणी आली. वय एकाहत्तर. शेतीत चौदा गुण आणि दोन ज्योती. स्वयंपाकात अकरा. पाठ धरलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. आजीचे वाचून व्हायच्या आत नातवाचे बोट सवयीने बटणावर पडले. ती बाई गेली आणि तिच्या जागी एक पंचविशीतला तरुण आला.

"तिला का काढलंस?"

"वय झालं होतं गं तिचं. पाठ, डोळे…" नातू बोलता बोलता थांबला. शेजारी बसलेल्या आजीच्या हातात गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली होती.

आजी रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "काढलेली माणसं जातात कुठे?"

"कुठे म्हणजे? ती नव्हतीच कधी."

"आत्ता तर होती. नाव होतं. लहानपण लिहिलेलं होतं."

याचे उत्तर नातवाजवळ नव्हते. मग आजीनेच विषय बदलला. ती लग्न होऊन आली तेव्हा घरात चौदा माणसे होती. त्यांतले एकही तिने निवडले नव्हते आणि त्यांनी तरी तिला कुठे निवडले होते? धाकटे दीर घरातली काडी इकडची तिकडे करीत नसत. सगळ्या बायका त्यांच्या नावाने बोटे मोडायच्या. पण मामंजी आजारी पडले तेव्हा दवाखान्यात रात्र रात्र जागत बसले ते हेच दीर. "तुझ्या त्या पाटीवर हे कुठे लिहिलेलं असतं रे?" आजी म्हणाली आणि देवापाशी वात लावायला उठून गेली.

सगळे गुण, पण गोष्ट नाही

बटणाचा कंटाळा आलेल्यांसाठी आणखी एक वाट आहे. 'प्रिपेअर केअरफुली' नावाची एक जोडणी खेळाडूंपैकीच एकाने रिमवर्ल्डसाठी तयार केली आहे. ती बसवली की नशिबाचा प्रश्नच उरत नाही. वय, स्वभाव, कौशल्य, सगळे हवे तसे मांडून घ्यायचे. त्या तरुणाने तीही वापरून पाहिली होती. तीन निर्दोष माणसे त्याने घडवली. गाव झपाट्याने उभे राहिले, कोठारे भरली, हल्ले परतवले गेले. महिन्याभराने त्या तिघांची नावेसुद्धा त्याला आठवेनात.

खेळ घडवणाऱ्यांना हे ठाऊक असावे. रिमवर्ल्ड म्हणजे गोष्टी जन्माला घालणारे यंत्र, असे त्याचे निर्मातेच सांगतात. गोष्टीला अडचण लागते, आणि सर्वगुणसंपन्न माणसाला अडचण येणार कशी? या खेळाला प्रेरणा देणारा जुना खेळ म्हणजे 'ड्वॉर्फ फोर्ट्रेस'. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन भावांनी तो 2006 साली लोकांपुढे आणला. त्यात सात बुटके एक वस्ती उभारायला निघतात आणि बहुधा ती वस्ती कधी ना कधी लयाला जाते. हरण्यातच मजा आहे, हे त्या खेळाचे ब्रीद. 2019 साली पूर्ण झालेल्या 'ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड' या खेळात तर माणसांच्या खोडी अगदी घरगुती आहेत. कोणी काम करता करता मध्येच झोपी जातो, कोणी रात्री घोरून बाकीच्यांची झोपमोड करतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला हे गाव लगेच ओळखीचे वाटेल.

त्यातून आणखी एक गोष्ट अशी की, ही सारी निवड पहिल्या दिवसापुरतीच असते. पुढे गावात येणारी माणसे निवडलेली नसतात. वाट चुकलेला प्रवासी येतो. आकाशातून एखादे यान पडते आणि त्यात कोणी जखमी सापडतो. काल बंदूक घेऊन चालून आलेला शत्रू कैदेत पडतो, त्याला चार घास घालता घालता तो आपल्यातला होऊन जातो. अडीच तास खर्चून पहिली तीन माणसे पारखून घेतली, तरी पाच वर्षांनी गावात नांदणारी बहुतेक माणसे अशी आपसूक आलेलीच असतात.

शेतातली म्हातारी

दिवाळीनंतर बंगळुरूला परतल्यावर त्या तरुणाने नवा डाव मांडला. आगी लावणारी डॉक्टरीण त्याने जपून ठेवली होती. ओझी न उचलणारा बंदूकबाज घेतला. एकाहत्तर वर्षांची ती बाई मात्र पुन्हा मिळणे शक्य नव्हते. म्हणून वयस्कर आणि शेती जाणणारी बाई समोर येईपर्यंत तो बटण दाबत राहिला. या वेळी तो नेमके तेच शोधत होता, जे आजवर टाकत आला होता. अखेर अडुसष्ट वर्षांची एक सापडली. तिचीही पाठ धरलेली होती.

डाव रखडत चालला. डॉक्टरिणीने एकदा भुसार जाळले. त्यानंतर भिंती दगडाच्या झाल्या. बंदूकबाज केर काढीत नसे, त्यामुळे घर कायम घाण. म्हातारी हळूहळू चालत शेतावर जाई, पण तिने लावलेले पीक फारसे वाया जात नसे. पहिल्या हिवाळ्यात कोणी उपाशी राहिले नाही, ते तिच्यामुळेच.

दुसऱ्या वर्षी हल्ला झाला. सगळे आत पळाले. म्हातारी शेताच्या टोकाला होती आणि तिला दारापर्यंत वेळेत पोचता आले नाही. आधी जतन केलेला डाव उघडून तिला परत आणणे सहज शक्य होते. त्याने तो उघडला नाही. इतरांकडून तिच्यासाठी त्याने शेताच्या बांधावर कबर खणवून घेतली आणि त्या रात्री खेळ बंद केला. रविवारी आजीचा फोन आला. "काय म्हणते रे तुझी म्हातारी?" तिने विचारले. "शेतात आहे," तो म्हणाला. ते खोटेही नव्हते.

मुले निवडता येत नाहीत

2022 च्या ऑक्टोबरात रिमवर्ल्डला 'बायोटेक' नावाची पुरवणी आली आणि त्या गावांत मुले जन्माला येऊ लागली. मुलांसाठी या खेळाने केलेली योजना घरोघरच्या आई-वडिलांनी जाणून घेण्यासारखी आहे. सातव्या, दहाव्या आणि तेराव्या वर्षी मुलाच्या आयुष्यात एकेक वळण येते. त्याचा स्वभाव काय व्हावा, कशाची आवड लागावी, हे त्या वेळी समोर आलेल्या पर्यायांतून निवडता येते. पण पर्याय किती मिळणार, हे नशीब ठरवीत नाही. मधल्या वर्षांत त्या मुलाला कसे वाढवले, त्यावर ते ठरते. मोठ्यांनी त्याला शिकवले का, काम करताना जवळ उभे राहून पाहू दिले का, जमिनीवर चित्रे काढायला, रानात हुंदडायला, नुसते आकाशाकडे बघत पडायला वेळ दिला का? दिला असेल तर पुढे पुष्कळ वाटा खुल्या होतात. सगळे लक्ष शेती आणि लढाईत गेले असेल, तर समोर येईल ते निमूटपणे घ्यावे लागते.

नशिबावर वैतागून तासन्‌तास बटण दाबणाऱ्याला हा खेळ शेवटी एवढेच सांगतो. माणसे मनाजोगती मिळत नाहीत. ती थोडीफार तशी होतात, पण त्यांच्यासाठी दगडाच्या भिंती बांधाव्या लागतात, चार घास घालावे लागतात, शेजारी उभे राहू द्यावे लागते. त्याला वेळ लागतो. पण बटण दाबण्यात गेलेला अडीच तासांचा वेळ, तो तरी कुठे कमी होता?