मुक्या पडद्यावरील पश्चात्ताप

चित्रपटाला वाचा फुटण्यापूर्वीचा तो काळ. पडद्यावरची माणसे धावत, हसत, रडत. पण त्यांचा शब्द प्रेक्षकांच्या कानी पडत नसे. मधूनमधून चार ओळी पडद्यावर उमटत. बाकी सारे चेहऱ्याने आणि कृतीनेच सांगावे लागे. अशा मूकपटांत अमेरिकेच्या पश्चिमेकडील उघड्या माळरानांच्या कथा फार लोकप्रिय झाल्या.

१९०३ साली निघालेल्या ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ या सुमारे १२ मिनिटांच्या चित्रपटात दरोडेखोर आगगाडी लुटतात आणि शेवटी गोळ्यांना बळी पडतात. पापाला शासन, एवढीच तेथील नीती. परंतु शासनाने पापी संपतो. तो सुधारेल कसा? या चित्रपटात काम केलेल्या गिल्बर्ट अँडरसन यांनी १९१० साली ‘ब्रॉंको बिलीज रिडेम्प्शन’ हा लघुपट काढला. त्यातील गुरेचोर बिली संकटात सापडलेल्या बापलेकीसाठी आपले स्वातंत्र्य पणाला लावतो. दुष्टाच्या अंतरीही सद्भावाचा अंकुर असतो, हे येथे प्रेक्षकांनी पाहिले.

त्याच अंकुराची थोर कथा म्हणजे १९१६ सालचा ‘हेल्स हिंजेस’, अर्थात ‘नरकाच्या बिजागऱ्या’. हे एका बेबंद गावाचे नाव. तेथे एक तरुण धर्मोपदेशक आपली बहीण फेथ हिच्यासह येतो. त्याला हुसकावून लावण्याचे काम दारूच्या गुत्त्याचा मालक ब्लेझ ट्रेसी या बंदूकबाजावर सोपवितो. विल्यम हार्ट या नटाने ही भूमिका केली आहे. फेथचा निष्कपट चेहरा पाहताच ट्रेसी थबकतो. हार्टच्या करारी मुद्रेवर क्षणभर जो संभ्रम दिसतो, त्यातच सारे येते. प्रार्थनेत विघ्न आणणाऱ्या गुंडांना मग हा गुंडच अडवितो.

इकडे उपदेशक मात्र मोहाला बळी पडतो. गुत्तेवाला त्याला दारूच्या नादी लावतो. त्याच्यासाठी वैद्य आणावयास ट्रेसी घोड्यावरून दूर जातो. आणि तेवढ्यात नशेने धुंद झालेला तो उपदेशक जमावाबरोबर आपलेच प्रार्थनामंदिर जाळावयास निघतो व त्या दंगलीत प्राणास मुकतो.

परतलेल्या ट्रेसीला राख दिसते आणि भावाच्या शवाजवळ बसलेली फेथ दिसते. संतापाने तो गुत्तेवाल्याला ठार करतो, गुत्ता पेटवितो आणि पाहता पाहता सारे गाव भस्मसात होते. त्याचे हृदय पालटले होते. पण क्रोध निमाला नव्हता. जुनी सवय एका दिवसात सुटत नाही, हेही या चित्रपटाने लपविले नाही. पुढे फेथसह तो त्या गावाकडे पाठ फिरवितो. प्रेमाने त्याला वाट दाखविली. चालावयाचे त्याचे त्यालाच होते.

हा चित्रपट १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसूचीत जतनासाठी निवडला गेला. उपदेशकाजवळ धर्माचे शब्द होते. ट्रेसीजवळ शब्द नव्हते. परंतु वैद्यासाठी घोडा कोणी दौडविला, हे पडद्यावर सर्वांनी पाहिले. मूकपटात बोलून चांगले होण्याची सोयच नव्हती. तेथे माणसाला चांगले वागूनच दाखवावे लागे.