सापडलेले आणि रचलेले

गेल्या मे महिन्यात क्रुसापाशी रोझरी आटोपल्यावर एक महाविद्यालयीन युवक आपल्या आजोबांचे जुने इंग्रजी मिस्साचे पुस्तक घेऊन माझ्याकडे आला. ३ मे या दिवसापुढे त्यात ‘इन्व्हेन्शन ऑफ द होली क्रॉस’ असे छापले होते. “फादर, इन्व्हेंट करणे म्हणजे मनाने रचणे ना? मग हा क्रूस रचलेला का?”

प्रश्न रास्त होता. ‘इन्व्हेंट’ हे क्रियापद लॅटिन ‘इन्वेनिरे’वरून आले. ‘एखाद्या वस्तूपाशी येऊन पोहोचणे, ती सापडणे’ हा त्याचा मूळ अर्थ. चौथ्या शतकात संत हेलेना हिला जेरुसलेममध्ये प्रभूचा क्रूस सापडला, या परंपरेचा तो सण. १९६० साली तो सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळण्यात आला. १४ सप्टेंबरचा पवित्र क्रुसाचा सण कायम आहे.

पुढे इंग्रजीत या शब्दाचा अर्थ सरकला. मुळात असलेले उघड करणे ते ‘डिस्कव्हर’, नसलेले घडविणे ते ‘इन्व्हेंट’. सबब रचणे हेही ‘इन्व्हेंट’च. आपली मराठी मात्र कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला असे म्हणते आणि १८७७ साली एडिसनने फोनोग्राफचा शोध लावला असेही म्हणते. खोट्यासाठी तिने ‘बनाव’ हा शब्द वेगळा ठेवला आहे.

युवकाचे समाधान झाले. माझे झाले नाही. सेमिनरीत वक्तृत्वकलेचे पहिले अंग म्हणून ‘इन्वेन्सिओ’ शिकलो होतो: बोलण्याआधी विषयाचा आशय शोधणे. काही वर्षांपूर्वी एका अंत्यविधीच्या प्रवचनात मला तो सापडला नाही. तेव्हा, मृत गृहस्थ आजारपणात मला काय म्हणाले, ते मी रचून सांगितले. महिनाभराने त्यांची पत्नी आली. “फादर, ते शब्द पुन्हा सांगा. मला ते असे कधी बोलले नाहीत.”

मी खरे सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “शेवटच्या रात्री त्यांनी फक्त पाणी मागितले आणि माझा हात धरून ठेवला.”

प्रवचनाचा आशय त्या घरातच होता. मी तेथवर गेलो नव्हतो, विचारले नव्हते. प्रभूनेही कथा रचल्या; पण त्या दाखले म्हणूनच सांगितल्या, ऐकणाऱ्याला फसविले नाही.

आता अंत्यविधीच्या आदल्या सायंकाळी मी त्या घरी जाऊन बसतो. पुष्कळदा एखादेच वाक्य हाती लागते. तेवढेच मी वेदीवरून सांगतो.