तिचं मत विचारणारा नायक

चांदसैली घाटात मोबाइलची रेंज जाते. धडगावहून नंदुरबारला निघालेल्या एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या मुलीला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून कथेचे पुढचे भाग तिने आधीच उघडून ठेवले होते. अकरावी-बारावीची असेल. तडा गेलेल्या काचेवरून बोट सरकत होतं. काय वाचतेस, म्हटल्यावर आधी लाजली, मग भडाभडा सांगत सुटली. नामांकित गायक, त्याच्यामागे लाखो मुली आणि त्याचा जीव जडतो कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या पोरीवर. त्यातलं सगळ्यात काय आवडलं? ती म्हणाली, "तो तिला विचारतो ना मॅडम, तुला पुढे काय करायचंय म्हणून."

मुलींच्या अशा वाचनाची मोठ्यांना जुनी धास्ती आहे. माझ्या मावश्यांनी लेखक चंद्रकांत काकोडकरांची पुस्तकं पाठ्यपुस्तकात लपवून वाचली. काकोडकरांच्या एका कथेवरचा अश्लीलतेचा खटला तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ मध्ये ते निर्दोष सुटले. १९७१ च्या 'गुड्डी' सिनेमातही धर्मेंद्रसाठी वेडी झालेल्या शाळकरी मुलीला स्टुडिओची पडद्यामागची बाजू दाखवून भानावर आणलं जातं. हृषीकेश मुखर्जींचा तो सिनेमा मला फार आवडतो. पण त्यात मुलीचं स्वप्न म्हणजे जणू उतरवायचा ताप, हे मात्र मला पटत नाही.

पुढे २०१३ मध्ये ॲना टॉडने गायक हॅरी स्टाइल्सवरून नायक बेतून 'आफ्टर' ही कादंबरी वॉटपॅड या संकेतस्थळावर भागाभागाने लिहिली. २०१४ मध्ये तिचं पुस्तक झालं, २०१९ मध्ये सिनेमा. मराठीतही प्रतिलिपी ॲपवर प्रेमकथांच्या मालिका अशाच भागाभागाने वाचल्या जातात. यातल्या कितीतरी कथांत नायकाचा संशय आणि दमदाटी प्रेम म्हणून खपवली जाते. त्याचा मला मनापासून राग येतो.

तरीही त्या मुलीचं उत्तर मला विसरता येत नाही. आमच्याकडे दहावी झाली की स्थळं येऊ लागतात. बघण्याच्या कार्यक्रमात प्रश्न पुष्कळ होतात: उंची किती, स्वयंपाक येतो का, शेतात जातेस का. तिच्या मनात काय आहे, हे कुणी विचारत नाही. कथेतल्या प्रसिद्ध माणसाचं मोल इथे आहे. ज्याला कुणीही मिळू शकेल, तोही हिच्या होकारासाठी थांबतो. बंगला-गाडी ही नंतरची गोष्ट.

आता प्रसिद्धी काही मुंबईतच राहत नाही. 'हाई झुमकावाली पोर' हे अहिराणी गाणं यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं. आमच्या लग्नांत ते वाजतंच. म्हणजे प्रसिद्ध नायक खानदेशापर्यंत येऊन पोचला, पण मी वाचलेल्या कथांतली नायिका अजून पुण्या-मुंबईचीच आहे. दप्तरात अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत एसटी पास असलेली, सुट्टीत वसतिगृहातून घरी जाऊन आईबरोबर निंदणी करणारी नायिका मला भेटलेली नाही.

ती कुणीतरी लिहावी. खरं तर या मुलींनीच लिहावी. एका भागात तिने त्या गायकाला आपल्या पावरी बोलीत स्पष्ट नाही म्हणावं, आणि ती नाही का म्हणाली हे समजून घ्यायला त्याने तिची बोली शिकावी. पुढच्या भागात ती बारावीचा फॉर्म भरेल.